थेंब वाळला, डाग उरला

दसऱ्याच्या सकाळी कोणत्याही गृहसंकुलाच्या आवारात एक ठरलेले दृश्य दिसते. बागेच्या नळाला लांबलचक पाइप जोडलेला असतो, बादल्या आणि फडकी बाहेर आलेली असतात आणि एरवी आठवडेच्या आठवडे धुळीत उभ्या राहणाऱ्या मोटारींना त्या दिवशी मनसोक्त स्नान घडते. मग गाडी उन्हात वाळायला ठेवून मंडळी पूजेच्या तयारीला लागतात. तासाभराने झेंडूचा हार घेऊन खाली यावे, तर बॉनेटवर, टपावर आणि डिकीवर पांढुरक्या कड्यांची रांगोळी उमटलेली असते. कोरड्या फडक्याने ती निघत नाही. ओल्या फडक्याने पुसली तर निघाल्यासारखी वाटते आणि पाणी वाळले की पुन्हा दिसू लागते. गाडी काळी किंवा गडद निळी असेल, तर ऑक्टोबरच्या उन्हात हे डाग रस्त्याच्या पलीकडूनही मोजता येतात.

अशा वेळी दोष बहुधा रंगाला दिला जातो, नाहीतर शोरूममध्ये हजारो रुपये मोजून करून घेतलेल्या 'कोटिंग'ला. मग कुणीतरी सांगते की अमुक मेण लावा, दुसरा म्हणतो सिरॅमिक करून घ्या, तिसरा एखाद्या परदेशी सीलंटची बाटली मागवतो. बाटली येते, लागते, गाडी आरशासारखी चमकते, पाण्याचे थेंब मोत्यांसारखे उठून दिसतात. आणि पुढच्या रविवारी गाडी धुतल्यावर डाग पुन्हा हजर होतात, कधी कधी तर पूर्वीपेक्षा ठळक. हे असे का होते, हे कळले तर पुष्कळसा खर्च आणि मनस्ताप वाचू शकतो. सीलंटची निवड महत्त्वाची आहे खरी, पण तिचा क्रमांक तिसरा लागतो. पहिला पाण्याचा, दुसरा वाळवण्याचा.

डाग म्हणजे घाण नव्हे. पाण्यात विरघळलेले जे होते, ते पाणी उडून गेल्यावर मागे राहिले, इतकाच त्याचा अर्थ. जमिनीतून झिरपताना पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार सोबत घेते. त्यांतील बायकार्बोनेट विरघळलेल्या अवस्थेत असते, म्हणून पाणी स्वच्छ दिसते; परंतु थेंब वाळू लागला की त्यातून कर्बवायू निघून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे सोप्या भाषेत चुनखडी, पृष्ठभागावर चिकटून बसते. गीझरच्या कॉइलवर आणि किटलीच्या तळाशी जो पांढरा थर साचतो, तोच हा. एका मिलिलिटरमध्ये साधारण वीस थेंब धरले आणि पाण्याची कठीणता लिटरला ४०० मिलिग्रॅम मानली, तर प्रत्येक थेंब स्वतःमागे जेमतेम ०.०२ मिलिग्रॅम क्षार ठेवतो. ऐकायला हे नगण्य वाटते. पण धुतल्यानंतर गाडीवर अर्धा लिटर पाणी राहून तसेच वाळले, तर ०.२ ग्रॅम पांढरी पूड रंगावर पसरते. चिमूटभर मीठ काळ्या पाटावर भुरभुरून पाहावे, म्हणजे कल्पना येईल.

डागाला कड्याचाच आकार का येतो, याचेही उत्तर मनोरंजक आहे. टेबलावर सांडलेला चहा वाळला की कडा गडद आणि मधला भाग फिका राहतो, हे प्रत्येकाने पाहिलेले असते. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्याची उकल मांडली. थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून राहते, तिथले पाणी अधिक वेगाने उडते, ती तूट भरून काढण्यासाठी मधले द्रव बाहेरच्या दिशेने वाहत राहते आणि सोबतचे सर्व काही कडेला नेऊन टाकते. गाडीवरच्या थेंबाचेही असेच होते. क्षार सगळीकडे सारखे न पसरता एका बारीक वर्तुळात एकवटतात, आणि म्हणूनच इतके थोडे क्षार इतके ठळक दिसतात.

आता पाण्याकडे वळू. महाराष्ट्राचा मोठा भाग दख्खनच्या बेसॉल्ट खडकावर वसलेला आहे आणि या खडकातील भूजलात कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट यांचे प्राबल्य सामान्यतः आढळते. याउलट मुंबईला भातसा, वैतरणा, तानसा येथून किंवा पुण्याला खडकवासला साखळीतून मिळणारे पाणी हे मुख्यतः पावसाचे साठवलेले पाणी; ते तुलनेने मृदू असते. शालेय पुस्तकांत या दोन प्रकारांना 'दुष्फेन' आणि 'सुफेन' अशी नेमकी नावे आहेत, ती व्यवहारात रुळली नाहीत हे आपले दुर्दैव. बोलण्यात आपण जड पाणी म्हणतो. गंमत अशी, की ज्या शहरात महापालिकेचे पाणी मृदू, त्याच शहराच्या वाढत्या उपनगरांत इमारती कूपनलिकेवर आणि टँकरवर चालतात. आणि जिथे दोन्ही पाणी येते तिथे पालिकेचे पाणी स्वयंपाकघरात जाते नि कूपनलिकेचे पाणी बागेला, संडासाला आणि मोटारी धुण्याला. म्हणजे इमारतीतले सर्वांत जड पाणी नेमके गाडीच्या वाट्याला येते.

पाणी किती जड आहे, हे ओळखण्याच्या घरगुती खुणा जुन्याच आहेत. तूरडाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोटीवर पांढरे कवच धरते. भारतीय मानक ब्यूरोच्या 'आयएस १०५००' या २०१२ च्या मानकात पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानली असून, दुसरा स्रोतच उपलब्ध नसेल तर ६०० पर्यंत मुभा दिली आहे. हे निकष आरोग्याचे आणि घरगुती वापराचे आहेत, हे ध्यानात घ्यावे. गाडीच्या रंगाच्या दृष्टीने दोनशेचे पाणीसुद्धा डाग पाडायला पुरेसे असते.

हल्ली टीडीएस मोजणारे पेनासारखे यंत्र स्वस्तात मिळते आणि पुष्कळांच्या घरी ते असते. त्याचा उपयोग करावा, पण आंधळेपणाने नव्हे. हे यंत्र पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देते. ते क्षार कोणते, हे त्याला कळत नाही. इमारतीत पाणी मृदू करणारे सॉफ्टनर बसवले असेल, तर त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जाऊन त्यांच्या जागी सोडियम येते. यंत्रावरचा आकडा जवळजवळ तेवढाच राहतो. परंतु सोडियमचे क्षार पाण्यात पुन्हा सहज विरघळतात आणि त्यांचे डाग ओल्या फडक्याने निघून जातात. त्यामुळे आकडा मोठा दिसला म्हणून सॉफ्टनरच्या पाण्याला नाके मुरडण्याचे कारण नाही.

येथे एक कबुली देणे भाग आहे. प्रस्तुत लेखकाच्या घरी पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्र आले, तेव्हा त्यातून वाया जाणारे पाणी बादलीत साठवून त्याने गाडी धुण्याचा उपक्रम मोठ्या अभिमानाने काही महिने चालला. पाण्याची बचत होत होती यात शंका नाही. पण गाडीवरचे डाग का वाढत आहेत, याचा उलगडा व्हायला फार उशीर लागला. आरओ यंत्र क्षार नाहीसे करत नाही. ते गाळलेल्या पाण्यातून काढून टाकाऊ पाण्यात ढकलते. समजा, नळाच्या पाण्याचा टीडीएस ४०० आहे आणि यंत्र चार लिटरमधून एक लिटर पिण्याजोगे पाणी देते, तर उरलेल्या तीन लिटरमध्ये जवळजवळ सगळे क्षार एकवटून आकडा ५०० च्या पुढे जातो. हे पाणी फरशी पुसायला उत्तम, संडासात ओतायला उत्तम. गाडीसाठी मात्र घरात याहून वाईट पाणी शोधून सापडणार नाही.

डाग पडण्याचे कारण सांगताना एक समजूत हमखास ऐकू येते: थेंब भिंगासारखे काम करतो, ऊन एका बिंदूवर गोळा करतो आणि रंग जाळतो. बागेला दुपारी पाणी घालू नये, पाने जळतात, ही समजूत याच कुळातली. हंगेरीतील संशोधकांनी पानांच्या बाबतीत ती तपासून २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. गुळगुळीत पानावर बसलेला थेंब ऊन एकवटतो खरा, पण तो बिंदू पानाच्या पृष्ठभागावर येत नाही, त्याच्या खाली पडतो. रंगावर चिकटून बसलेल्या थेंबाचीही भूमिती फारशी वेगळी नाही. म्हणजे उन्हात गाडी धुऊ नये हा सल्ला बरोबर, पण त्याचे सांगितले जाणारे कारण चूक. उन्हाने पत्रा तापतो, थेंब फडके पोहोचण्याआधीच वाळतो, आणि वाळता वाळता त्यातील क्षारांचे प्रमाण वाढत जाऊन तप्त रंगाशी त्यांची झटापट सुरू होते. काळ्या गाडीचा टप मे महिन्याच्या दुपारी ७० अंश सेल्सियसच्या आसपास सहज जातो. हात ठेवून पाहणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

या झटापटीमुळेच डागांचे दोन प्रकार होतात आणि ते वेगळे ओळखणे महत्त्वाचे आहे. पहिल्या प्रकारात क्षार केवळ रंगावर बसलेले असतात. दुसऱ्यात ते खाली उतरतात. मोटारीच्या रंगावर सर्वांत वर पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअरकोट म्हणतात. त्याची जाडी साधारणपणे ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी. दिवसा ऊन, रात्री दव, पुन्हा ऊन असे चक्र काही आठवडे चालले की त्या कड्याखाली क्लिअरकोटमध्ये सूक्ष्म खळगा पडतो. मग क्षार विरघळवून टाकले तरी कड्याची खूण उरते, आणि ती घालवायला पॉलिशिंगखेरीज उपाय राहत नाही. पॉलिशिंग म्हणजे क्लिअरकोट घासून कमी करणे. प्रत्येक वेळी एखाद-दोन मायक्रॉन जातात, आणि ते परत येत नाहीत. वर्षाला दोनदा 'रबिंग-पॉलिश' करून घेणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

आता सीलंट. बाजारात या नावाखाली आणि या नावाच्या आसपास जे काही विकले जाते, त्याचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पहिला मेणाचा. ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा मेण त्यात श्रेष्ठ समजले जाते. ते ८२ ते ८६ अंशांना वितळते, गडद रंगाला खोली देते. पण आपल्या उन्हात आणि डिटर्जंटच्या माऱ्यात दीड-दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकण्याची अपेक्षा धरू नये. दुसरा वर्ग कृत्रिम बहुवारिकांचा, म्हणजे पॉलिमरचा. खऱ्या अर्थाने सीलंट हाच. तीन ते सहा महिने टिकतो, लावायला सोपा असतो आणि किमतीच्या मानाने चोख काम देतो. तिसरा सिरॅमिक कोटिंगचा. सिलिकावर आधारलेला हा कठीण थर क्लिअरकोटला घट्ट बांधला जातो आणि नीट लावला, नीट राखला तर वर्षानुवर्षे टिकतो. शोरूममध्ये वर्षानुवर्षे विकल्या गेलेल्या 'टेफ्लॉन कोटिंग'विषयी मात्र एवढेच सांगावेसे वाटते की टेफ्लॉन ३२७ अंशांना वितळते, तव्यावर ते बसवायला भट्टीची उष्णता लागते, आणि गाडीवर फडक्याने चोळून तसा थर बसत नाही. त्या बाटलीचा जो काही गुण येतो, तो बहुतांशी तिच्यातील इतर घटकांचा असतो.

या तिन्हींच्या जाहिरातीत एकच छायाचित्र असते: चकचकीत बॉनेटवर उभे राहिलेले गोल गोल थेंब. डागांच्या दृष्टीने पाहिले तर हे छायाचित्र जाहिरातीचे नसून इशाऱ्याचे आहे. पाणी पृष्ठभागाला जितके कमी चिकटेल, तितका थेंब उंच आणि गोल होतो. उभ्या दारावरून असे थेंब घरंगळून जातात, तेथे ते हिताचेच. पण बॉनेट, टप आणि डिकी या आडव्या पत्र्यांवर ते तसेच उभे राहतात. पसरलेले पाणी वाळले तर पातळ धूसर पापुद्रा राहतो. तेच पाणी थेंबाथेंबांत गोळा होऊन वाळले तर त्यातील सर्व क्षार लहानशा वर्तुळात साचतात. भारी कोटिंग केल्यानंतर डाग वाढले, अशी जी तक्रार ऐकू येते, ती म्हणूनच अगदीच निराधार नसते. कोटिंगने डाग निर्माण केले नाहीत, पण त्यांना जागा नेमून दिली. कोटिंगने क्लिअरकोटला खळगा पडण्यापासून काही काळ वाचवले, हेही तितकेच खरे. खळगा पडलाच तर तो आधी कोटिंगमध्ये पडतो.

म्हणून सीलंट निवडताना थेंब किती गोल, हे न पाहता पाणी किती लवकर आणि किती पूर्ण निघून जाते, हे पाहावे. काही सीलंटवर पाणी थेंब न करता एकसंध पदर होऊन ओघळते आणि मागे जवळजवळ कोरडा पत्रा ठेवते. परीक्षा सोपी आहे. बॉनेटच्या वरच्या कडेला तांब्याभर पाणी सावकाश, धार न तोडता ओतावे आणि अर्ध्या मिनिटाने मागे किती थेंब उरले ते पाहावे. ज्याची गाडी उघड्यावर, बागेच्या फवाऱ्याजवळ किंवा कूपनलिकेच्या पाण्याच्या टप्प्यात उभी राहते, त्याने पदर करणारे साधे पॉलिमर सीलंट घ्यावे आणि दर तीन-चार महिन्यांनी पुन्हा लावावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सिरॅमिक त्याने घ्यावे, ज्याच्या गाडीला छप्पर आहे आणि धुतल्यावर लगेच टिपून कोरडी करण्याची ज्याला सवय आहे. मेण हौसेसाठी. कोणतेही सीलंट लावल्यावर ते पक्के व्हायला बाटलीवर सांगितलेला वेळ, साधारण १२ ते २४ तास, गाडीला पाणी लागू नये. तेव्हा आपल्याकडे पहिला हात मेच्या मध्यास, वळवाचा अंदाज घेऊन, आणि दुसरा पाऊस परतल्यावर, असा बेत सोयीचा पडतो.

इथवर आल्यावर वाचक म्हणेल की मृदू पाणी आणायचे कोठून? पाइप लावून गाडी धुवायची तर शंभर-दीडशे लिटर पाणी सहज जाते. तेवढे मृदू पाणी मिळणार नाही, आणि मिळाले तरी ते गाडीवर ओतणे शोभणार नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वेगाडी धाडावी लागली होती, तिच्या पहिल्या फेरीत दहा वाघिणींमधून पाच लाख लिटर पाणी गेले होते. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास बंदी घालून पाच हजार रुपयांचा दंड ठरवला, आणि तेथील मराठी कुटुंबांनाही आपली रविवारची सवय बदलावी लागली. पाण्याची ही टंचाई आणि गाडीवरचे डाग हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. त्यांचे उत्तर एकाच बादलीत आहे.

या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत 'रिन्सलेस वॉश' नावाची पद्धत रुजली. शब्दशः सांगायचे तर धुतल्यावर वरून पाणी न ओतता गाडी धुणे. 'ऑप्टिमम नो रिन्स' हे त्यातील सर्वांत परिचित नाव. त्यानंतर अनेक कंपन्या आल्या आणि आता अशी उत्पादने भारतातही मिळतात. हा साबण नव्हे. साबण फेस करतो आणि तो काढायला भरपूर पाणी लागते. या द्रवातील बहुवारिके धुळीच्या कणाभोवती वंगणासारखे आवरण घालतात, त्यामुळे कण रंगावरून ओरखडा न काढता उचलला जातो आणि फडक्याच्या तंतूंत अडकतो. मागे जे राहते ते पुसून टाकायचे असते, धुवायचे नसते. प्रमाण अत्यल्प, म्हणजे बहुधा एकास २५६. दहा लिटरच्या बादलीत जेमतेम ४० मिलिलिटर.

आठ-दहा लिटरमध्ये अख्खी गाडी. हा आकडा एकदा मनात बसला की पाण्याचा प्रश्न सुटतो. दीडशे लिटर चांगले पाणी परवडत नाही, पण आठ लिटर परवडते. पालिकेच्या नळाचे आठ लिटर वर घरातून आणता येतात. पावसाळ्यात गच्चीच्या पन्हळीखाली बादली ठेवली की पहिल्या काही सरी सोडून पुढचे पाणी मिळते. ते मृदूच असते. उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्राच्या नळीतून थेंबथेंब गळणारे पाणी म्हणजे हवेतल्या बाष्पाचे पाणी. त्यात खडकातले क्षार येण्याचा प्रश्नच नाही. ते जाड कापडातून गाळून घ्यावे, पिऊ मात्र नये. अगदीच काही नाही तर शेवटचा हात फिरवण्यापुरते इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर आहेच. उत्पादक असेही सांगतात की या द्रवामुळे जड पाण्याचा त्रास कमी होतो. त्यावर सर्वस्वी विसंबू नये. खरा फायदा कमी पाण्याचा आणि लगेच पुसले जाण्याचा.

पद्धत सोपी आहे, पण तिच्यात शिस्त लागते. गाडी सावलीत, पत्रा गार. सकाळी सातच्या आत किंवा संध्याकाळी. बादलीत भिजवलेली मायक्रोफायबरची सात-आठ फडकी घ्यावीत. एकच फडके पुन्हा पुन्हा बादलीत बुडवले की धूळ बादलीत आणि बादलीतून पुन्हा रंगावर जाते. ज्या भागाला हात घालायचा त्यावर आधी तेच मिश्रण फवाऱ्याने मारून मिनिटभर मुरू द्यावे. मग फडक्याची घडी करून, दाब न देता, सरळ रेषेत एक हात. घडी उलटून दुसरा. गोल गोल चोळण्याची आपली सवय येथे सोडावी. एक दार झाले की थांबून ते दार दुसऱ्या, जाड विणीच्या कोरड्या फडक्याने टिपावे, आणि मगच पुढचे दार. संपूर्ण गाडी ओली करून मग पुसायला घेणे ही जुनी चाल येथे चालत नाही. टपापासून सुरुवात, दारांचा खालचा भाग आणि चाके शेवटी. चाकांचे फडके वेगळे.

ही पद्धत कुठे वापरू नये, हेही सांगितले पाहिजे. कोकणातून येताना दारापर्यंत उडालेला लाल चिखल, शेतरस्त्यावरची काळी माती, बांधकामाच्या खडीचा थर, अशा वेळी आधी पाण्याच्या जोराने तो काढलाच पाहिजे. कोणतेही वंगण वाळूला मऊ करत नाही. मग तो जड पाण्याचा मारा झाल्यावर गाडी वाळू न देता रिन्सलेसच्या फडक्याने उरकून घ्यावी. दारांच्या फटी, आरसे, नंबरप्लेट आणि दिव्यांच्या खोबणी येथून पाणी नंतर गळत राहते. गाडी गल्लीतून एक फेरी मारून आणली आणि पुन्हा टिपली, तर हे उशिरा येणारे ओघळ सापडतात.

गृहसंकुलात पहाटे पाचला एक माणूस वीस-पंचवीस गाड्या पुसतो. एक बादली, एक फडके, महिन्याला ठरलेली रक्कम. पहिल्या गाडीला त्याचे पाणी स्वच्छ असते, दहाव्या गाडीपर्यंत ते गढूळ होते आणि रंगावर दिसणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे बहुधा तेथूनच येतात. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपण त्याला दिले काय, हा प्रश्न आहे. आपल्या गाडीपुरती चार मायक्रोफायबरची फडकी, त्या द्रवाची लहान बाटली आणि आठवड्याचे दोनच दिवस, पण घरच्या पाण्याने. वाटल्यास पैसे तेवढेच द्यावेत. एकदा हात दाखवून दिला की हे काम त्याला पाइपापेक्षा कमी कष्टाचे वाटते, हा अनुभव आहे.

पडलेल्या डागांचे काय? ताजे असतील तर पांढरे व्हिनेगर आणि मृदू पाणी समप्रमाणात घेऊन, सावलीत, गार पत्र्यावर फडके भिजवून एक-दोन मिनिटे ठेवावे, मग भरपूर ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे. क्षार आम्लात विरघळतात. आजीने चिंचेने तांब्याची भांडी घासली, त्यातले अर्धे शास्त्र हेच. मात्र चिंच किंवा लिंबाची फोड गाडीवर घासू नये, कारण तेथे घासणे हाच अपराध आहे. संडास साफ करायचे आम्ल तर चुकूनही नको. व्हिनेगरने सीलंटही थोडे उतरते, तेव्हा त्या जागी नवा हात द्यावा. दोन प्रयत्नांत डाग गेला नाही तर तो एक तर खळगा आहे, नाहीतर सिलिकाचा आहे. बेसॉल्टमधल्या पाण्यात विरघळलेली सिलिका असते आणि ती व्हिनेगरला दाद देत नाही. काचेवरचे हट्टी डाग बरेचदा याच जातीचे. तेथे जाणकाराकडे जावे आणि अगदी हलक्या पॉलिशने सुरुवात करायला सांगावे.

शेवटी तळघरातल्या वाहनतळाबद्दल. पावसाळ्यात वरच्या स्लॅबमधून एखाद्या फटीतून पाणी ठिबकते आणि खाली नेमकी कुणाची तरी गाडी असते. हे पाणी पावसाचे असले तरी काँक्रीटमधून येताना ते चुन्याने भारलेले असते. त्याचा पीएच १२ च्या आसपास असू शकतो. त्याचे ओघळ साध्या डागांपेक्षा कितीतरी लवकर रंग खातात आणि वाळल्यावर दगडासारखे होतात. नखाने किंवा ब्लेडने ते खरवडू नयेत. व्हिनेगरमध्ये भिजवलेला कागदी रुमाल त्यावर ठेवावा, दोन मिनिटांनी पुसावा, पुन्हा ठेवावा, कितीही वेळा लागो. आणि व्यवस्थापन समितीकडे गळतीचा अर्ज द्यावा. दुरुस्तीसाठी पावसाळा संपेपर्यंत थांबावे लागते, हे समितीचे म्हणणे अनेकदा खरेच असते. तोवर फटीखाली पत्र्याची छोटी पन्हळ ठोकून पाणी भिंतीकडे वळवायला एका प्लंबरचा अर्धा दिवस पुरतो.